फ्रिजवाल्या पिक्चरचं राहिलेलं भांडण

कुसुम,

तुझ्या तेराव्याला लोकांनी तुझी देवी करून टाकली. बैठकीत पाटावर तुझा फोटो होता, डोक्यावर पदर घेतलेला. जन्मात कधी तू धड पदर घेतला नाहीस. कोणाच्या तरी मयतीला घेतला असशील, फोटोवाल्याने नेमका तो पकडला. ओळखू येईनास. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाच्या तेराव्याला येऊन बसले की काय.

जेवणं झाल्यावर तुझा अवी उभा राहिला. घसा खाकरला. म्हणाला, "आईने आमच्यासाठी सगळं सोडलं. चालतं दुकान सोडलं, गाव सोडलं, स्वतःचा कधी विचार केला नाही. आई असावी तर अशी." बायकांचे पदर डोळ्यांना गेले. तुझ्या माहेरचा भाऊ हमसून रडला. आणि मी, तुझी थोरली जाऊ, नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या या घरात तुझ्याबरोबर एका चुलीपाशी पोळ्या लाटलेली, कोरड्या डोळ्यांनी फोटोकडे बघत बसले. वाट बघत होते, तू आता काही तरी फटकळ बोलशील म्हणून. म्हणशील, "अवं बाई, उठव ना त्याले. भात थंडा होऊन राहिला."

नाही बोललीस. राग मला तिथपासून आहे.

अवी जे बोलला ते मी आधी ऐकलेलं होतं, कुसुम. तूही ऐकलेलं होतंस. त्या फ्रिजवाल्या पिक्चरच्या शेवटी हिरो असंच बोलला होता, हिंदीत आणि जरा मोठ्याने.

पिक्चरचं खरं नाव आपण कधी घेतलंच नाही. फ्रिजवाला पिक्चर म्हटलं की पुरे. आठवतं ना, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आपल्या घरी दरवर्षी वाण म्हणजे काय, तर गाळणी, करंडा, फार तर साबणाची वडी. त्या वर्षी माईंनी, आपल्या सासूने, पिक्चरचं नाव काढलं तर कानावर हात ठेवणाऱ्या बाईने, जाहीर केलं की या खेपेला वाण म्हणून सुवासिनींना पिक्चरचं तिकीट. बर्डीवरच्या टॉकीजमध्ये दुपारचा बायकांचा खेळ. आख्खी आळी चकित. मी तर हुरळूनच गेले. काय पुरोगामी सासू मिळाली आपल्याला, असं मी माहेरी सांगत सुटले होते. अक्कल बघ. कीर्तनाला येणाऱ्या कोणी तरी माईंच्या कानात घातलं होतं की हा पिक्चर प्रत्येक सुनेला दाखवण्यासारखा आहे. सुना दोनच होत्या, आणि मला दाखवण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. ते सगळं हळदीकुंकू तुझ्या एकटीसाठी होतं.

कारण तू सदर बाजारात जागा बघून आली होतीस. अवी तेव्हा भिंत धरून चालायला लागला होता, आणि तू जेवताना, वांग्याची भाजी वाढता वाढता, सांगून टाकलंस की तू लेडीज टेलरचं दुकान टाकणार आहेस. विचारलं नाहीस, सांगितलंस. मामंजींचा घास हातात राहिला. भाऊजी, तुझा नवरा, ताटातल्या मिठाकडे असे बघत बसले जसं काही ते आजच पहिल्यांदा वाढलंय. माई कधीच लगेच बोलत नसत. त्यांनी तिकिटं काढली.

टॉकीजच्या जिन्यात माईंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, दारावरच्या माणसालाही दिला. मग आपण बाल्कनीत ओळीने बसलो, शालू-पैठण्या नेसून, मांडीवर तिळगुळाच्या पुड्या. पिक्चर सुरू झाला. नवरा कारकून, सज्जन. बायको गोरी, बंगल्याची हौस असलेली. शेजारणीकडे फ्रिज येतो. हिला पण पाहिजे. म्हणून ही नोकरी धरते, ओठ रंगवते, साहेबाच्या पार्टीला जाते. घरात एकेक वस्तू येते आणि लेकरू आयाकडे. एक दिवस आया दार उघडं टाकून बाहेर जाते, आणि लेकरू जिन्यावरून पडतं. मग डॉक्टर मान हलवतो, आई फ्रिजवर डोकं आपटते, देवळातल्या घंटा आपोआप वाजतात.

मी किती रडले, कुसुम! माझा रुमाल भिजला, पदर भिजला, शेवटी शेजारच्या काकूंच्या पदराला नाक पुसलं. काकूंना कळलंही नाही, त्या माझ्या खांद्याला पुसत होत्या. मला फ्रिज म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. कुठल्या नोकरीचं स्वप्नही मला कधी पडलं नव्हतं. तरी मी मनातल्या मनात त्या बाईबरोबर शपथ घेत होते की देवा, मी पुन्हा असं करणार नाही. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घेणारी माझ्यासारखी बावळट त्या बाल्कनीत दुसरी नसेल.

आणि मग तो सीन आला. लेकरू वाचलंय, बाईने नोकरी सोडलीय, अंगणात पाट्यावर चटणी वाटतेय, आणि हातगाडीवर तो फ्रिज चाललाय घराबाहेर. संगीत थांबलेलं. सगळी टॉकीज हुंदके देतेय. तेवढ्यात तुझा आवाज आला, चांगला खणखणीत.

"अवं, त्यातलं दूध तं काढून घ्या!"

मग मागच्या रांगेतली एक फिसकन हसली, मग दुसरी, आणि बघता बघता खालपर्यंत सगळा बायकांचा खेळ हसायला लागला. पडद्यावर हिरो मातृत्वाबद्दल बोलत होता, ते कोणी ऐकलं नाही. दारावरचा माणूस बॅटरी मारत आला. माईंच्या तोंडावर तो उजेड पडला आणि मी बघितलं, त्या सरळ समोर बघत होत्या. त्यांनी आख्ख्या आळीला वाण दिलं होतं आणि तू ते सगळ्यांसमोर सांडलं होतंस.

परत येताना माई पुढच्या रिक्षात, आपण दोघी मागच्या. मी तुझ्यावर भडकलेली.

"कुसुम, हसाले काय झालं तुले? लेकरू मरून राहिलं होतं तिथं."

"नव्हतं मरत, बाई. पिक्चरवाले लेकराले मारत नाहीत. मायले मारतात."

"तिच्या हावरेपणापायी पडलं ते."

"जिना होता म्हणून पडलं. अन् एकटीच हावरी काय वं? थंडं पाणी तिचा नवरा बी पेत होता. त्याले कोणी डोकं आपटाले लावलं काय?"

मी म्हणाले, "तरी पण." पुढे जन्मभर तुझ्याशी वाद घालताना माझं हेच एक हत्यार. तरी पण.

घरी पोचल्यावर माईंनी पायावर पाणी घेतलं, ओसरीवर बसल्या आणि सगळ्या बायकांसमोर तुला विचारलं, "काय मग, जे कळायचं ते कळलं ना?"

तू म्हणालीस, "कळलं ना माई. आया चांगली पाहून ठेवा लागते." आणि माझ्याकडे बघितलंस.

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्यातच तो सौदा ठरून गेला. अवीला कोण सांभाळणार, हे कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या दोन पोरी होत्याच, त्यात हा तिसरा. मी तर खूश. चारचौघींत माझं नाव निघालं, तेही चांगली म्हणून! मला तेव्हा कोणी 'चांगली' म्हटलं की मी काहीही उचलायला तयार असे. हमालाला निदान ओझं दाखवतात तरी.

आणि त्या पिक्चरचा माझ्यावर असा परिणाम की मी त्याग करायचा ठरवला. त्यागायला फ्रिज नव्हता, म्हणून प्रेशर कुकर त्यागला. मला कुकर हवा होता, यांना मी सांगूनही ठेवलं होतं. ते मी रद्द केलं. वस्तूंच्या मागे लागलं की लेकरं जिन्यावरून पडतात. आपल्या घराला जिना नव्हता, पण विहिरीला पायऱ्या होत्या. कोळशाच्या शेगडीवर तुरीचं वरण शिजवत मी तासन् तास बसे, धूर डोळ्यांत, आणि चेहरा त्या हिरॉइनसारखा. तू दुकानाच्या पहिल्या कमाईतून मला कुकर आणून दिलास. मी म्हटलं, मला नको. तो मी माळ्यावर टाकला. मग माई कीर्तनाला गेल्या की हळूच काढायचे. एक दिवस माई विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या आणि नेमकी शिट्टी झाली. तू सायकल लावून आत येत होतीस. तू म्हणालीस, "माई, बाईच्या पोटात गुडगुडून राहिलं वाटते." त्या दिवशी मी तुझ्यावर किती प्रेम केलं ते तुला कधी बोलले नाही.

दुकान चाललं. कॉन्व्हेंटच्या मास्तरणी आल्या, साहेबांच्या बायका आल्या. पाटीवर तुझं नाव, 'कुसुम लेडीज टेलर्स', लाल अक्षरात. आपल्या घराण्यात बाईचं नाव लग्नपत्रिकेनंतर एकदम दगडावरच लिहितात, तेही घाटाला देणगी दिली तर. पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडून बघितली. जवळ यायची भीती वाटली.

आणि मग एका उन्हाळ्यात तू फ्रिज आणलास. आळीतला पहिला! नागपूरचा तो मे महिना, कौलं तडतडतायत, आणि दारात हातगाडीवर पांढराशुभ्र फ्रिज, या खेपेला आत येणारा. माईंनी त्याला हळदीकुंकू लावलं. पहिलं थंड पाणी त्यांनीच प्यायलं, आठवतं ना. दोन पेले, उभ्या उभ्या. नंतर देवाच्या नैवेद्याचं दूधही त्यातच राहायला लागलं. पिक्चरचा विषय माईंनी पुन्हा काढला नाही. मात्र कोणी तुझं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "आहे खरी हुशार. पण लेकरू थोरलीनं वाढवलं." खरं होतं. म्हणून तुला लागायचं. मलाही लागायचं, कारण एवढं खरं तू एकदाही बोलली नाहीस.

अवी पडला तर माझ्याकडे धावायचा. त्याला गोवर आला तेव्हा लिंबाचा पाला मी पसरला. तू संध्याकाळी यायचीस, बोटाला सुईचे टोचे, केसांत दोऱ्याचे तुकडे, आणि तो तुझ्या अंगावर उडी मारायचा, कारण तू जत्रेसारखी होतीस. मी रोजची. दुकानातून काही ना काही आणायचीस, त्याला संत्र्याची बर्फी, माझ्या पोरींना रिबिनी. मला ब्लाउज शिवायचीस, असे बसणारे की मोठ्या घरच्या बायका विचारायच्या, कुठे शिवला. पण दिवसभर अवीने काय केलं, हे तू त्याला विचारायचीस. मी काय केलं, ते नाही.

मी म्हणायचे, पिक्चरमधली बाई चूक होती. तू म्हणायचीस, बरोबर होती. दर संक्रांतीला, दर हळदीकुंकवाला, पुढे भाऊजी गेले आणि तुला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं तरी स्वयंपाकघरात, तिळाचे लाडू वळताना. मी पिक्चरबद्दल बोलतच नव्हते, कुसुम. तुला कळत होतं की नाही?

अवी शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथलीच मंजिरी करून आणली. तीही नोकरी करणारी. चिन्मय झाला. आणि गेल्या वर्षी, भर लग्नसराईत, दुकानात ब्लाउजांचे गठ्ठे पडलेले असताना, तू मला म्हणालीस, "बाई, मी पुण्याले चालली."

"किती दिवस?"

"चालली म्हणजे चालली. दुकान देऊन टाकलं."

मशिनी तू तुझ्याकडच्या शिवणाऱ्या बायकांना देऊन टाकल्यास. पाटी उतरवलीस. मी विचारलं, काहून? तर म्हणालीस, "नातवाची हौस आली वं." मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. हौस आलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं. आमचे हे गेल्यापासून मी एकटी, दोन्ही पोरी सासरी, नात सुट्टीपुरती येणारी. या घरात तू आणि मीच उरलो होतो, आणि तू मला अशी सोडून गेलीस जसं भाड्याचं घर सोडतात. मी तुला स्टेशनवर पोचवायला आले नाही. कंबर दुखते म्हटलं. दुखत नव्हती.

दिवाळीला आलीस ती दुसरीच कोणी. केस चापून बसवलेले. आणि बोलणं! "मला नको", "तुला देते", "का बरं?" मी म्हटलं, "काय वं, पुण्याची पोपटीण झाली काय?" तू हसलीस. म्हणालीस, चिन्मयच्या तोंडी मले-तुले बसलं, तर बालवाडीत पोरं हसतात. मंजिरी काही बोलली नाही, अवीच बोलला, आई, जरा नीट बोलत जा. अवी बोलला! ज्याला 'मले भूक लागली' हे मी शिकवलं, तो. ज्या बाईने बर्डीच्या टॉकीजमध्ये आख्ख्या बायकांच्या खेळाला हसवलं, ती नागपुरात येऊनही जपून बोलत होती. मला त्या क्षणी अवीला धरून बदडावंसं वाटलं. तुलाही.

मग अनारसे तळताना, मी काही विचारलं नसताना, तू म्हणालीस, "बाई, त्या फ्रिजवाल्या पिक्चरमधली आया आठवते काय?"

"कोणती? ती नालायक? दार उघडं टाकून यारासोबत जत्रेत गेलेली?"

"तसं पिक्चरवाल्यानं दाखवलं. मले वाटते, ती तिच्या लेकराले पाहाले गेली असन." मले, म्हणालीस. झारा कढईतच राहिला तुझा. "आपण इतकी वर्ष मायच चूक का बरोबर म्हणून भांडलो. त्या आयाचं कोणी विचारलं काय? तिलेही घर असन. तिलेही काही पाहिजे असन."

मी म्हटलं, "अनारसा जळून राहिला." खरोखर जळत होता. मला वाटलं, तू तुझं रडगाणं सांगतेयस. पुण्याला जाऊन स्वतःच आया झालीस, म्हणून आता आयाची कीव आली. आणि मनात म्हटलं, भोग आता. मी भोगलं तेव्हा कुठे होतीस?

आता रोज एकच विचार येतो. तू तुझ्याबद्दल बोलत होतीस, की माझ्याबद्दल? ती तुझी तक्रार होती, की इतक्या वर्षांनी माझ्यासमोर ठेवलेलं काही? सरळ माफी मागणं तुझ्या स्वभावात नव्हतं. असली गोष्ट तू अशीच बोलली असतीस, कढईकडे बघत, पिक्चरमधल्या बाईच्या नावाने. मी त्या अनारशाऐवजी तुझ्याकडे बघायला हवं होतं. हे विचारायचं राहिलं, आणि तू चिन्मयची बालवाडी सुटायची वाट बघत फाटकाशी बसलीस ती उठलीच नाहीस.

तेराव्याला अवीचं भाषण झाल्यावर मंजिरी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. पातेली आवरताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्या आई, आईंनी आमच्यासाठी दुकान सोडलं, असं हा म्हणाला. आमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

"म्हणजे?"

"चिन्मय सारखा आजारी पडत होता. अविनाश म्हणाला, दोघांपैकी एकाने घरी राहायला हवं. एकाने म्हणजे मीच. मी नोकरी सोडायचं नक्की केलं होतं. आईंना फोनवर नुसतं कळवलं. आणि मग एक दिवस त्या ट्रंक घेऊन दारात. म्हणाल्या, तू जाय ऑफिसला. मी पाहतो काय होते ते."

तिला रडू फुटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्या डोक्यात मात्र तुझ्याशी भांडण सुरू झालं. म्हणजे हे असं होतं तर! नातवाची हौस नाही, लेकाची माया नाही. तुला त्या पिक्चरला हरवायचं होतं. तुझ्या घरातून बाई म्हणून कोणी लेकरासाठी नोकरी सोडणार नाही, हा तुझा हट्ट. वा! मोठी लढाई जिंकलीस. पण कुसुम, एका बाईचं ऑफिस उघडं राहावं म्हणून दुसऱ्या बाईने दुकानाला कुलूप घालायचं, ही कुठली जीत? अवी रोज सकाळी टाय बांधून गेला, त्याला कोणी विचारलं का, बाबा रे, तुझं काय? तूही नाही विचारलंस. पिक्चरमधल्या नवऱ्याला नावं ठेवणारी तू. परक्याच्या नवऱ्याला बोलणं सोपं असतं. आपलाच लेक तोच नवरा निघाला, की आपण ट्रंक भरतो.

मी तुला देवी म्हणणार नाही. तू मला न सांगता गेलीस, खोटं सांगून गेलीस, आणि ज्या गोष्टीसाठी मी तुझ्यावर जन्मभर चिडले आणि जन्मभर जळले, ती पाटी तू एका दुपारी उतरवून टाकलीस. मी काय म्हणून त्या पोराचं नाक पुसलं मग? तू शिवत राहावीस म्हणूनच ना? त्या दुकानात माझाही हात होता, बाई. मलाही एका शब्दाने विचारायला पाहिजे होतंस. सदरला तिथे आता व्हिडिओ कॅसेटचं दुकान आहे. परवा मी आत गेले. म्हटलं, फ्रिजवाला पिक्चर आहे का? दुकानदार म्हणाला, "आजी, रोनेवाले पिक्चर अब कोई नहीं ले जाता." मी म्हटलं, "आमच्याकडे हसले होते लोक."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडून आल्यावर, अवी माझ्या पायाशी येऊन बसला. लहानपणी बसायचा तसाच. म्हणाला, "मोठी आई, तू चल ना आमच्यासोबत. इथं एकटीले करमते काय तुले? चिन्मयले पण सवय होईल." मले-तुले बोलला, बघ. गरज असली की येते भाषा परत.

मी म्हटलं, "तूच राह्य ना घरी थोडे दिवस."

"मी?"

"हाव, तू. तुले हातपाय आहेत. भात शिजवाले मीच शिकवला होता."

तुझा भाऊ मोठ्याने हसला. त्याला वाटलं, थोरली बाई नेहमीसारखी थट्टा करून राहिली. अवीही हसला. मंजिरी हसली नाही. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि दोघींनाही कळलं की यापुढे काही होणार नाही. मी खरंच विचारलं होतं, हे सिद्ध करायला तू नव्हतीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हसता काय? बाई बरोबर बोलून राहिली." इतकी वर्षं मी तुझ्या विरुद्ध बाजूने बोलले, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोलले, त्या दिवशी तू अंबाळ्याच्या पाण्यात.

मग तुझ्या भावानेच मार्ग काढला. रामटेकजवळच्या तुमच्या गावाहून एक बाई आणून दिली. गरीब आहे, स्वच्छ आहे, पुण्याला राहायला तयार आहे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

काल त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. या खेपेला कंबर दुखते म्हटलं नाही. चिन्मय त्या बाईच्या कडेवर होता. तिच्या दुसऱ्या हातात एक पिशवी. तुझ्याच गावची ती, तुझ्यासारखीच काळीसावळी, नाक जरा वर. अवी बर्थचे नंबर बघत होता. मी तिला म्हटलं, "लेकरू आहे काय वं तुले?"

तिने आधी मंजिरीकडे बघितलं. सांगितलं तर चालेल का, असं.

"आहे ना. पोरगी. मायपाशी ठेवली."

"नाव काय?"

"छबी."

"केवढी आहे?"

"चालते चांगली. बोलत नाही अजून." चिन्मयने तिच्या कानातलं ओढलं, ते तिने हळूच सोडवून घेतलं. "बोलन आता. महिन्याभरात बोलन."

गाडी सुटली.